गोणपाटाच्या चौकटीतला बॉब

आमच्या दुकानात दिवसाला दोन तरी माणसं अशी येतात, ज्यांना 'मी म्हणजे मीच' एवढंच कागदावर लिहून हवं असतं.

दुकान बेळगावात, कोर्टाच्या मागच्या गल्लीत. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मराठी टायपिंगला श्रीलिपी, कन्नडला नुडी, आणि दोन्हीच्या मधे मी. येणाऱ्या बाईच्या शाळेच्या दाखल्यावर सविता असतं, आणि आधार कार्डावर इंग्रजीत बघावं तर टी-च्या शेजारी एक एच येऊन बसलेला. खाली दक्षिणेत 'त' लिहायला टीएच वापरतात, वर महाराष्ट्रात नुसता टी. आम्ही पडलो मधले. त्यामुळं आमच्या लता, संगीता, संतोष, वसंत या मंडळींना हा एच कधी चिकटतो, कधी सुटतो, आणि पेन्शन नाही तर वारसा अडकला की सगळी माझ्याकडं येतात. मग अ‍ॅफिडेव्हिट: वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. ई-स्टॅम्प, नोटरीचा शिक्का, दोन झेरॉक्स. चहा येईपर्यंत काम होतं.

माझं स्वतःचं नाव ज्ञानेश्वर. ही तर खाणच. मराठीत आपण 'द्न्य' म्हणतो, कन्नडात तोच ज्ञ 'ज्न'कडं झुकतो. दहावीच्या सर्टिफिकेटवर मी डी-एन-वाय नं सुरू होतो, आधारवर जे-एन नं, आणि एका जुन्या पासबुकावर चक्क जी-एन नं, शेवटी एक जादा ए लावून. माझं अ‍ॅफिडेव्हिट मीच टाइप केलं. टायपिंगचे पैसे कुणाकडनं घ्यायचे एवढाच प्रश्न होता.

हे सगळं आधी सांगतोय, कारण त्याशिवाय पुढच्या कार्डात मी एवढा का गुंतलो ते कळायचं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी माळा झाडायला घेतला. आप्पांची, म्हणजे वडिलांची, पत्र्याची पेटी खाली काढली. आप्पा बसमध्ये कंडक्टर होते. पेटीत जुनी वेबिलं, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, सुट्ट्या पैशांची कातडी पिशवी, आणि एका वहीच्या कव्हरात सरकवलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड. पत्त्याच्या पानापेक्षा थोडं रुंद. अडीच इंच बाय साडेतीन; मी धंद्यातला माणूस, मोजूनच बघितलं. समोर एका काळ्यासावळ्या, देखण्या माणसाचा फोटो. फोटोभोवती तपकिरी चौकट, तिला गोणपाटाचा पोत. खाली कोपऱ्यात एक गोल, त्यात इंग्रजीत 'पायरेट्स'. आणि नाव: बॉब क्लेमेंटे.

डावा खालचा कोपरा झुरळांनी खाल्लेला. मागच्या बाजूला आकड्यांचं कोष्टक, आणि त्या आकड्यांवरनं तिरकं, निळ्या शाईत, मराठीत आप्पांचं पूर्ण नाव आणि 'इ. ६ वी'.

"हा कोण हो, आप्पा?"

"बॉब," आप्पा म्हणाले. जणू शेजारच्या गल्लीतला कुणी. "दगडूनं दिलाय."

दगडूची गोष्ट मी लहानपणापासनं ऐकत आलोय, कार्ड मात्र पहिल्यांदा बघितलं. आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या बाजूला. केनेडींच्या काळात, १९६१ साली, अमेरिकेनं पीस कोअर नावाची योजना काढली. कॉलेजातनं नुकती बाहेर पडलेली पोरं-पोरी दोन-दोन वर्षांसाठी परदेशी खेड्यांत पाठवायची. त्यातली काही आमच्याकडंही, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शेतीच्या नाही तर कोंबडीपालनाच्या कामाला आली. आमच्या गावाला आला तो पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्या पाळायला शिकवणारा एक उंच, लाल कानांचा पोरगा. आजोबांच्या घराच्या माडीवर राहायचा. नाव 'डग' नं सुरू होणारं काही तरी होतं. आजीला ते झेपलं नाही. तिनं पहिल्याच दिवशी त्याचा दगडू केला.

आमच्याकडं दगडू, धोंडू ही नावं मुद्दाम ठेवतात. पोर जगत नसलं की असलं ओबडधोबड नाव ठेवायचं, म्हणजे काळाची नजर लागत नाही. एवढ्या लांबनं आलेलं दुसऱ्याचं पोर, खोकला झाला तरी आजीच्या जिवाला घोर. तिनं त्याला दगडू केला तो तेवढ्यासाठी. त्यालाही ते पसंत पडलं असावं. परत गेल्यावर त्याचं एक पत्र आलं होतं. आत दोन पानं इंग्रजी, मास्तरांनी वाचून दाखवलेली, कोंबड्या किती उरल्या वगैरे चौकशी. आणि शेवटी सही मात्र देवनागरीत, वाकड्या अक्षरांत: दगडू. गचा काना सुटून लांब गेलेला.

या दगडूनं गावातल्या पोरांना त्याचा खेळ, म्हणजे बेसबॉल, शिकवला. बॅट कुठनं आणायची? आजीचं मुसळ पळवलं. गोल, लांब, वजनदार. क्रिकेटच्या बॅटीपेक्षा ते बेसबॉलला कितीतरी जवळचं. चेंडू चिंध्यांचा. आणि धावत जाऊन गाठायचे ते चार टप्पे म्हणून गोणपाटाचे चार तुकडे शेणानं सारवलेल्या खळ्यावर टाकलेले. जायच्या आधी, १९६९ साली, त्यानं घरनं आलेलं एक पाकीट फोडलं आणि पोरांना एकेक कार्ड वाटलं. तिकडं ही कार्डं च्युइंगमच्या पुडीत निघायची, पाच सेंटला पाच कार्डं आणि एक गम. गम मुंग्यांनी आधीच गाठलेला. आप्पांच्या वाट्याला बॉब आला. चौकट गोणपाटाची बघून आप्पांना वर्षानुवर्षं वाटत होतं, की अमेरिकेतसुद्धा हा खेळ पोत्यांवरच खेळतात. त्यांचं चुकलं म्हणावं तर अगदीच चुकलेलंही नाही. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या टप्प्यावर तिथंही चौकोनी कॅनव्हासच्या पिशव्याच असायच्या.

दुसरी एक समजूत होती. सहावीतल्या आप्पांनी शाळेच्या डिक्शनरीत 'पायरेट' बघितलं आणि अर्थ निघाला समुद्रावरचा दरोडेखोर. तेव्हापासनं घरात कुणाला दाखवलं नाही. आजीला कळलं असतं तर दगडूचं जेवण बंद झालं असतं.

रात्री दुकान बंद करायच्या आधी मी ते कार्ड स्कॅनरवर ठेवलं. उगीचच. बाराशे डीपीआयला स्कॅन केलं आणि स्क्रीनवर मोठं करत गेलो. छपाईतला माणूस हे करतोच, लग्नाच्या पत्रिकेचंसुद्धा करतो. चेहरा जवळ आला, मग गालाची कातडी आली, मग कातडी गेली आणि नुसते ठिपके राहिले: पिवळे, गुलाबी, निळे, काळे, एकमेकांच्या खांद्यावर बसलेले. गोणपाटाचा धागा खरा नाही, तोही ठिपक्यांचाच. आप्पांच्या पेनाची निळी रेघ तेवढी सलग होती.

मग कार्डावरचं नाव इंटरनेटवर टाकलं. बॉब क्लेमेंटे, पायरेट्स. उत्तरं आली ती सगळी दुसऱ्याच माणसाची: रॉबर्टो क्लेमेंटे. मला वाटलं भाऊ असेल. फोटो बघितला तर तोच गाल, तेच डोळे.

ही कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीनं १९५५ आणि १९५६ च्या कार्डांवर त्याचं खरं नाव छापलंय, रॉबर्टो. १९५७ ला त्याचा बॉब केला आणि १९६९ पर्यंत बॉबच ठेवला. तेरा वर्षं. १९७० ला पुन्हा रॉबर्टो. आमच्याकडचं कार्ड १९६८ चं, म्हणजे बॉबच्या दिवसांतलं. खेळायला लागला तेव्हापासनं तिकडचे वार्ताहर आणि कॉमेंट्रीवाले त्याला बॉब, बॉबी म्हणत; अमेरिकन जिभेला सोपं. तो स्वतःला रॉबर्टोच म्हणवायचा.

आता बघा, आमचं बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. आणि पुढच्या हंगामाच्या कार्डावर रॉबर्टोचा बॉब. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, मलाही कळतं. पण आमच्या गावच्या माणसाला १९५६ च्या आसपासची तारीख दिसली की त्याची गाडी जरा थांबतेच. (सीमावादावर या ब्लॉगवर मी लिहीत नाही, दुकानाला दोन्ही गिऱ्हाईकं येतात. एवढंच सांगतो, की १ नोव्हेंबर २०१४ ला गावाचं इंग्रजी नाव बदललं, तेव्हा जुनी लेटरहेडं बाद झाली आणि त्या दोन महिन्यांत माझा धंदा चांगला झाला. मराठीत मी तेव्हाही बेळगाव टाइप करत होतो, आताही करतो.)

दुसऱ्या दिवसापासनं रोज जेवताना आप्पांना थोडं थोडं सांगायला लागलो. आप्पा सगळ्यात जास्त रंगले ते सुरुवातीलाच. हा माणूस प्वेर्तो रिको बेटावरचा, कॅरोलिना गावचा, जन्म १८ ऑगस्ट १९३४. सात भावंडांतला धाकटा. बाप मेल्चोर उसाच्या मळ्यात कामगारांवर देखरेख करायचा.

"मुकादम?" आप्पांनी घास थांबवला.

"मुकादमच."

"मग असं सांग की." आमच्या जिल्ह्यात ऊस म्हणजे काय हे सांगायला नको. गळीत हंगामात आप्पांच्या गाडीला उसाच्या ट्रॅक्टरांमागं तास-तास रांगावं लागायचं. ऊसतोडीच्या मुकादमाचा पोरगा, म्हटल्यावर बॉब एकदम घरातला झाला.

प्वेर्तो रिको कुठल्या देशात, हे समजावणं अवघड गेलं. बेट स्पॅनिश बोलणारं. १८९८ साली स्पेनकडनं अमेरिकेकडं आलं. १९१७ पासनं तिथले लोक अमेरिकेचे नागरिक. पण बेटावर राहून अमेरिकेच्या अध्यक्षाला मत देता येत नाही.

"म्हणजे आपल्यासारखंच," आप्पा.

"आपल्याला मत आहे की, आप्पा."

"हं," म्हणाले आणि ताक ओतून घेतलं.

शाळेत असताना तो भालाफेक करायचा, आणि पुढं मैदानाच्या उजव्या टोकावरनं त्यानं फेकलेला चेंडू सरळ तिसऱ्या टप्प्यावरच्या गड्याच्या हातात यायचा, असं त्याचा खेळ बघणारे लिहितात. बारा वर्षं सलग उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' त्यालाच. ब्रुकलिन डॉजर्सनं १९५४ ला त्याला दहा हजार डॉलर बोनस देऊन घेतला आणि मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात ठेवून दिला. तेव्हाचा नियम असा, की एवढा बोनस देऊन घेतलेला खेळाडू मुख्य संघात घेतला नाही, तर हंगाम संपल्यावर दुसरा संघ त्याला उचलू शकतो. पिट्सबर्गच्या पायरेट्सनी चार हजार डॉलरला उचलला. ते तेव्हा तळाला होते, म्हणून निवडीत पहिला नंबर त्यांचा. मग अठरा हंगाम, १९५५ ते १९७२, त्याच एका संघात.

कार्डाच्या मागचं कोष्टक वाचायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. क्रिकेटवाल्याला बेसबॉलची सरासरी बघून हसू येतं: पहिल्या वर्षी ०.२५५. पण ती धावांची नाही. दर हजार वेळा बॅट हातात घेतली तर २५५ वेळा चेंडू मारून सुखरूप टप्पा गाठला, म्हणजे 'हिट' केला, असा त्याचा हिशोब. तीनशेच्या वर गेला की मोठा फलंदाज. तिकिटाचा हिशोब आयुष्यभर केलेल्या आप्पांना हे माझ्या आधी कळलं. मग ते स्वतःच बोट फिरवत खाली खाली आले. १९६१: ०.३५१. १९६४, १९६५ लाही लीगमध्ये पहिला. १९६६ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू. शेवटची ओळ १९६७ ची, ०.३५७, २०९ हिट, २३ होम रन. "चढूलाय की," आप्पा म्हणाले. आणि ओळ तिथंच संपते, त्याच्या खाली आप्पांचं 'इ. ६ वी'.

एक सामना मात्र त्या कोष्टकात दिसत नाही, तो मी दोनदा सांगितला. २५ जुलै १९५६, पिट्सबर्गचं फोर्ब्ज फील्ड. शेवटचा डाव, पायरेट्स ५-८ नं मागं, तिन्ही टप्प्यांवर आपली माणसं उभी. क्लेमेंटेनं पहिलाच चेंडू भिंतीकडं हाणला आणि पळत सुटला. पुढचे तिघे आत आले, बरोबरी झाली. तिसऱ्या टप्प्याशी खुद्द संघाचा मॅनेजर दोन्ही हात वर करून थांब, थांब करतोय. एकही गडी बाद नाही, आता घाई कशाला? हा थांबला नाही. तसाच पुढं पळत आला, घसरत चौथा टप्पा, म्हणजे घर, गाठलं, ९-८. चेंडू मैदानाबाहेर न जाता चार धावा, आणि त्याच फटक्यावर सामना संपलेला, असं त्या खेळाच्या नोंदींत एवढं एकच.

"घंटी दिलेली असताना गाडी सोडली," आप्पांचा शेरा. आवडलं की नाही ते कळलं नाही.

मला स्वतःला लागलं ते वेगळंच. त्याला इंग्रजी येत होतं, पण स्पॅनिश वळणाचं. काही वर्तमानपत्रं त्याचं बोलणं छापताना त्याचे उच्चार जसेच्या तसे छापत, आखूड इकाराच्या जागी दीर्घ, वाचणाऱ्यानं हसावं म्हणून. वाचणारा एकदा हसून पान उलटतो. पण मी टायपिंगवाला, मला दुसरीकडचा माणूस दिसतो. चुकीचं स्पेलिंग आपोआप पडत नाही. कुणी तरी बसून एकेक अक्षर मुद्दाम चुकवत ते जुळवलं, कुणी तरी प्रूफ तपासताना त्या चुका बरोबर आहेत याची खात्री केली. माझ्या हातनं दिवसाला वीस चुका होतात. पण अशी एक चूक कधी करून द्यायची वेळ आली नाही, येऊ नये.

कार्ड १९६८ ला छापलं, तेव्हा त्याच्या आयुष्यातली पाच वर्षं उरली होती, आणि त्या पाच वर्षांतच सगळं मोठं घडलं. १९७१ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची अजिंक्यपदाची मालिका, समोर बाल्टिमोर ओरिओल्स. सातही सामन्यांत हिट, सरासरी ०.४१४, मालिकेचा मानकरी. १९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्येही त्यानं सातही सामन्यांत हिट केले होते. म्हणजे चौदापैकी चौदा. जिंकल्यावर ड्रेसिंग रूममध्ये टीव्हीवाल्यांनी माइक धरला. इंग्रजीत उत्तर द्यायच्या आधी तो स्पॅनिशमध्ये बोलला, तिकडं बेटावर टीव्हीसमोर बसलेल्या घरच्यांशी. मुलांना आशीर्वाद दिला आणि आपल्या आई-वडिलांकडं आशीर्वाद मागितला. साऱ्या अमेरिकेच्या टीव्हीवर, त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

ती क्लिप मी आप्पांना मोबाइलवर दाखवली. आवाज खरखरीत, चित्र धुरकट. त्यांनी फोन कानाला लावून ऐकली, डोळ्यांपुढं धरून बघितली, पुन्हा कानाला.

"आई-बापाचं काय म्हणूलाय?"

"आशीर्वाद द्या म्हणूलाय."

"मग बरोबर," म्हणाले. "ते काय इंग्रजीत मागायचं असतंय होय?"

३० सप्टेंबर १९७२ ला पिट्सबर्गच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये, न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर, त्याचा तीन हजारावा हिट. तोवर फक्त दहा जणांनी तो आकडा गाठला होता. हंगाम संपत आला होता, म्हणून त्यानं विश्रांती घेतली. आकडा तिथंच राहिला, बरोबर तीन हजार. सरासरी ०.३१७, होम रन २४०.

पुढचं सांगायचं मी चार दिवस टाळलं. आप्पांना तो जिवंत आहे असंच वाटत होतं. "आता म्हातारा झाला असेल की," असं एकदा बोलूनही गेले होते.

२३ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वात भूकंप झाला, राजधानी मानाग्वा कोसळली. क्लेमेंटे महिनाभर आधीच तिथं हौशी खेळाडूंच्या विश्वस्पर्धेला प्वेर्तो रिकोचा संघ घेऊन गेला होता. माणसं ओळखीची होती. त्यानं बेटावर मदत गोळा करायला सुरुवात केली, अन्न, औषधं, कपडे, विमानं भरून पाठवली. तिकडून खबर यायला लागली, की माल लोकांपर्यंत पोचत नाही, तिथल्या सरकारी शिपायांच्या हातात जातोय. तेव्हा म्हणाला मीच जातो. मला बघून तरी चोरणार नाहीत. ३१ डिसेंबरच्या रात्री सान हुआनहून डीसी-७ जातीचं जुनं विमान निघालं, मापापेक्षा जास्त माल भरलेलं. उडाल्यावर काही क्षणांतच समुद्रात पडलं. आत पाच माणसं. त्याचा देह सापडलाच नाही. त्याच्या संघातला कॅचर (आपल्याकडचा विकेटकीपर म्हणा), पनामाचा मॅनी सँगियेन, स्वतः पाण्यात उतरून त्याला शोधत राहिला. वय अडतीस.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कुठलं साल म्हणालास?"

"बाहत्तर."

"मी मॅट्रिकलाही नव्हतो." मग कार्ड हातात घेऊन, मागचं-पुढचं करत, "आणि मी इथं सांभाळूलोय ह्याला."

जगात अशी कार्डं जपणारे लोक आहेत. कोपरे तीक्ष्ण हवेत, रंग उडालेला नको. तज्ज्ञांकडनं एक ते दहा गुण लावून घेतात आणि प्लास्टिकच्या पेटीत कायमचं सीलबंद करतात. माझ्या सासरवाडीला, निपाणीला, सासऱ्यांना हे सांगितलं तर त्यांनी त्याहून भारी ऐकवलं; तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेला माणूस. त्यांना मी सांगत होतो, की आधी ही कार्डं गमच्या नाही, सिगारेटच्या पाकिटात यायची. १९०९ ते १९११ च्या मालिकेतलं होनस वॅग्नरचं कार्ड, तोही पिट्सबर्गचाच, २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरला गेलं. कारण त्याची फार थोडी छापली गेली. म्हणतात, तंबाखूच्या पाकिटावर पोरांसाठी आपला फोटो नको असं त्यानंच सांगितलं. सासरे म्हणाले, "म्हणजे तंबाखूला नको म्हणून किंमत वाढली. आम्ही व्हय म्हणत बसलो." आमच्या कार्डाला अर्थात काही किंमत येणार नाही. खाल्लेला कोपरा एक वेळ चालेल, पण पाठीवर मराठीत 'इ. ६ वी'?

शेवटचा प्रकार आता सांगतो. खेळणं संपल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ लाच त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं, लॅटिन अमेरिकेतला तो पहिला. तिथं प्रत्येकाचा ब्राँझचा फलक असतो. फलकावर नाव ओतलं: रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे. आणि तेही चुकलं. स्पॅनिश रीतीत आधी बापाचं आडनाव येतं, मग आईचं. आई लुईसा वॉकर. म्हणून तो रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर. फलकवाल्यांनी काय केलं असेल ते मी डोळे मिटून सांगतो, रोज करतो: फॉर्मवर तीन खण, फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम, आणि माणूस त्यात बसेना म्हणून त्यालाच उलटापालटा केला. कर्नाटकात आडनाव आधी, बापाचं नाव मधे, स्वतःचं शेवटी लिहून आलेल्या माणसाला मी कितीदा त्या खणांत कोंबलाय. फलक नव्यानं ओतून नाव सरळ केलं ते २००० साली. सत्तावीस वर्षांनी. ब्राँझमधली दुरुस्ती म्हणजे बॅकस्पेस नव्हे.

त्या संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं. मी श्रीलिपी उघडली आणि नेहमीचा मसुदा काढला. बॉब क्लेमेंटे, रॉबर्टो क्लेमेंटे, रॉबर्टो वॉकर क्लेमेंटे व रॉबर्टो क्लेमेंटे वॉकर ही चारही नावे एकाच व्यक्तीची असून, राहणार कॅरोलिना, प्वेर्तो रिको, वडिलांचा धंदा मुकादमकी. साध्या ए-फोरवर प्रिंट काढून घरी नेली. आप्पांना वाचून दाखवली.

ते गंभीरपणे म्हणाले, "मयताचं अ‍ॅफिडेव्हिट वारसानं करायचं असतंय."

"मग?"

"पेन दे."

चष्मा शोधला, कागद पेटीच्या झाकणावर ठेवला आणि सही केली. कार्डाच्या पाठीवर आहे तशीच, पूर्ण नाव, फक्त आता र थरथरलेला. इयत्ता तेवढी लिहिली नाही. कागदाची चौघडी करून वहीच्या कव्हरात सरकवली, चिमटा आणि वेबिलं जागेवर ठेवली, आणि हात पुढं केला.

"आण इकडं बॉबला."